वेदीवस्त्रांची इस्त्री
(सुवर्णमहोत्सवी वर्षात धर्मग्रामाच्या महिला मंडळापुढे धर्मगुरूंनी केलेले भाषण)



ख्रिस्तमंदिराची घंटा, दर्शनी भिंत व गायनमंडळ ह्यांविषयी ह्या वर्षात पुष्कळ बोलून झाले. आम्ही आज ज्या विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो, तो वरवर पाहता क्षुल्लक आहे. वेदीवरील लांब वस्त्रांस इस्त्री कशी करावी, एवढाच तो विषय. परंतु तो निघण्यास कारण घडले आहे. ही वस्त्रे बाहेर धुलाईस द्यावीत, किंवा त्यांच्या जागी न चुरगळणारी कृत्रिम धाग्याची वस्त्रे आणावीत, अशी सूचना वारंवार पुढे येते. सूचना करणाऱ्यांचा हेतू शुद्ध आहे. घरच्या इस्त्रीच्या फळीवर एवढे वस्त्र मावत नाही, असे ते म्हणतात. ते खरेच आहे. पण त्यावरून काढलेले अनुमान आम्हांस मान्य नाही.

हिशेब पाहा. वेदी नऊ फूट लांब आणि सव्वातीन फूट उंच धरली, तर दोन्ही बाजूंस जमिनीपर्यंत पोहोचणारे वस्त्र साडेपंधरा फुटांचे होते. फळी जेमतेम चार फुटांची, आणि रुंदीला सव्वा फूट. 1969 पूर्वी वेदीवर तीन वस्त्रे घालण्याचा नियम होता व सर्वांत वरचे जमिनीपर्यंत लोंबत असे. त्या वर्षीच्या नव्या मिस्साविधीच्या सूचनांनी किमान एक वस्त्र पुरेसे ठरविले. म्हणजे काम पूर्वीपेक्षा हलके झाले आहे. ज्या आज्यांनी तीन-तीन वस्त्रे कोळशाच्या इस्त्रीने, ठिणगी पडू न देता सरळ केली, त्यांच्यापाशी फळी नव्हतीच.

फळीच्या जागी त्यांच्यापाशी जेवणाचे टेबल होते, आणि तेच उत्तम. त्यावर लोकरी घोंगडी दुहेरी घालावी, नाहीतर उष्णतेने व वाफेने टेबलाच्या पॉलिशवर पांढरे डाग उठतात. घोंगडीवर जुनी, धुतलेली, रंग न जाणारी सुती चादर ताणून खालून बांधावी. पलंगावर हे काम करू नये. गादी इस्त्रीखाली दबते आणि वस्त्रावर नव्या सुरकुत्या पडतात. टेबल नसेल तर चटईवर घोंगडी घालून जमिनीवर बसावे, गुडघे परवानगी देतील तोवर.

आता कापडाविषयी. आपली चांगली वेदीवस्त्रे लिननची, म्हणजे जवसाच्या धाग्याची आहेत. आपल्याकडे जवस म्हटले की चटणी आणि तेल आठवते. त्याच कुळातल्या रोपाच्या देठापासून हा धागा निघतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. हा धागा ओला असता अधिक बळकट असतो आणि कोरडा असता हट्टी. कोरड्या लिननवर कितीही जोर लावा, सुरकुती हलत नाही. म्हणून वस्त्र पूर्ण वाळू न देता दोरीवरून काढावे. वाळलेच असेल तर पाणी शिंपडून, गुंडाळून तासभर ठेवावे. पावसाळ्यात मात्र रात्रभर तसे ठेवू नये, बुरशी धरते. इस्त्री चांगली तापलेली असावी व धाग्याच्या दिशेने सरळ चालवावी. तिरकी ओढली की वस्त्राचा काठ वाकडा होतो आणि वेदीवर तो सर्वांस दिसतो. भरतकाम असेल तेथे जाड पंचा खाली घालून उलट्या बाजूने फिरवावी.

हे काम एकटीचे नव्हे. एकीने इस्त्री करावी, दुसरीने पलीकडे उभे राहून सरळ झालेला भाग सावकाश ओढून घ्यावा. टेबलाखाली स्वच्छ चादर पसरावी, म्हणजे लोंबणारे टोक जमिनीस लागत नाही. ओढलेले वस्त्र घडी न घालता नळीवर गुंडाळावे. कापडाच्या दुकानात तागे संपल्यावर पुठ्ठ्याच्या नळ्या उरतात. तिच्यावर पांढरे कापड चढविले की काम झाले. एकाच ठिकाणी वर्षानुवर्षे घडी पडून तीवर इस्त्री फिरली, तर लिनन नेमके तेथेच तुटते. बाहेरून धुऊन आलेले एक वस्त्र आम्ही साक्रिस्तीत ठेवले आहे. त्याच्या घड्या कडक दाबलेल्या आहेत आणि दोन ठिकाणी धागा उसवला आहे. ज्यांस शंका असेल त्यांनी ते हातात घेऊन पाहावे.

कॉर्पोरल, म्हणजे चषक व तबकाखाली पसरावयाचे चौकोनी वस्त्र, ह्यास हा नियम लागू नाही. ते सपाट इस्त्री करून आडवे तीन व उभे तीन असे आत दुमडावे, की नऊ चौकोन पडतात. ख्रिस्तशरीराचा एखादा कण राहिला असल्यास तो आतच राहावा, हा त्यातील हेतू. त्याच कारणाने कॉर्पोरल व चषक पुसण्याचे वस्त्र ह्यांची पहिली धुणी हाताने करून ते पाणी पवित्र कुंडात किंवा योग्य जागी मातीत सोडावे, असे 2004 सालच्या रोमच्या आदेशातही स्पष्ट आहे. ह्या दोन वस्त्रांपुरती बाहेरच्या धुलाईची चर्चा येथेच संपते.

कृत्रिम वस्त्राविषयी एकच गोष्ट सांगतो. वेदीवर मेणबत्त्या असतात आणि मेण सांडणारच. लिननवरचे मेण घट्ट होऊ द्यावे, बोथट सुरीच्या पाठीने खरवडावे, मग वर-खाली टीपकागद ठेवून गरम इस्त्री फिरवावी. मेण कागदात उतरते. हे धुण्यापूर्वी करावे. द्राक्षारसाचा डाग मात्र आधी थंड पाण्याने काढावा. इस्त्रीखाली तो कायमचा बसतो. लिननसाठी तापविलेल्या इस्त्रीची उष्णता कृत्रिम धाग्यास सोसत नाही. तो आकसतो, क्वचित वितळतो. न चुरगळणे हा त्याचा गुण आम्ही नाकारीत नाही, पण ज्या जागी तो घालावयाचा तेथे अग्नी आहे.

खरी अडचण फळीची नव्हे, माणसांची आहे. हे काम पूर्णपणे जाणणाऱ्या आपल्या धर्मग्रामात आज तीनच भगिनी आहेत, आणि तिघींनीही सत्तरी ओलांडली आहे. त्यांनी ते कोठे लिहून ठेवले नाही. वर जे सांगितले त्यातील बहुतेक आम्ही त्यांच्याकडूनच ऐकले. काम केवळ स्त्रियांचे आहे असेही कोणी समजू नये. साडेपंधरा फुटांचे ओले लिनन ओढून धरण्यास तरुणांचे हात अधिक उपयोगी पडतील.

पवित्र गुरुवारी मिस्सानंतर वेदी उघडी केली जाते. शनिवारी रात्री पास्काजागरणास ती पुन्हा सजली पाहिजे. तेव्हा शनिवारी सकाळी आठ वाजता सभागृहातील दोन लांब टेबले जोडून ठेवू. तिन्ही भगिनींनी येण्याचे कबूल केले आहे. प्रत्येक वाडीतून निदान दोघांनी यावे, आणि घरी जुनी लोकरी घोंगडी असल्यास सोबत आणावी. आमच्यापाशी एकच आहे.