अळीची बेगमी



रेशीमशेती करणाऱ्याला विचारा, जीव मेटाकुटीला कधी येतो? पाचव्या अवस्थेत, असंच तो सांगेल. चौथ्यांदा कात टाकून उठलेली अळी सात-आठ दिवस रात्रंदिवस खात सुटते. तिच्या जन्मभराच्या पाल्यातला ८० टक्क्यांहून अधिक याच दिवसांत फस्त होतो. जन्मताना अर्धा मिलिग्रॅमही नसलेला हा जीव आता चार-पाच ग्रॅमचा होतो.

एवढं खाल्लेलं जातं कुठे? बरंचसं रेशीमग्रंथीत, हे उघडच आहे. पण आत आणखी एक साठा होत असतो. आतड्यातल्या अल्कधर्मी रसातली विकरं तुतीच्या पाल्यातल्या प्रथिनांचे तुकडे करून अमिनो आम्लं मोकळी करतात. मेदपिंड (नाव मेदाचं, पण कामं बरीचशी आपल्या यकृताची) त्यांपासून साठवणीची प्रथिनं घडवतो आणि रक्तात सोडतो. यातलं मेथिओनिनने समृद्ध असलेलं एक प्रथिन मुख्यत्वे मादीतच साठतं. अंडी घडवायची ती तिलाच. दुसऱ्यात टायरोसिन आणि फेनिलअलॅनिन भरपूर. नवं कवच टणक करायला ती लागतात.

खरी गंमत पुढे आहे. अळी खाणं सोडते, चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या चौकटीवर, चढते, अंगातलं एक्डायसोन हे संप्रेरक वाढतं, आणि ज्या मेदपिंडाने ही प्रथिनं रक्तात सोडली, तोच ती परत ओढून घेतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर त्याच्या पेशी प्रथिनांच्या कणांनी गच्च भरलेल्या दिसतात. कोषात अळीचे जुने अवयव मोडतात, नवे घडतात. त्याला लागणारा माल या कणांतून येतो. विकरं हळूहळू ते फोडत राहतात.

कोषातून निघणारा पतंग तर काहीच खात नाही. त्याला खाण्याजोगं तोंडच नसतं. मादीची चार-पाचशे अंडी अळीपणी खाल्लेल्या पाल्यावरच निघतात. बाहेर पडताना पतंग कोकूनेज नावाचं विकर सोडून कोषातला डिंक सैल करतो आणि वाट काढतो. असा भोक पडलेला कोष सलग धाग्यासाठी निकामी. म्हणून धागा काढणारे पतंग निघायच्या आत कोष गरम हवेत वाळवून घेतात.

तेव्हा शेतकरी बंधुभगिनींनो, अळ्या आता चढायलाच आल्या म्हणून शेवटच्या दोन दिवसांत पाला घालताना हात आखडता घेऊ नका. अंड्यांसाठी बीजकोष काढणाऱ्यांनी तर मुळीच नको.