व्हॉयेजरचा बिघाड व दोषशोधनाची रीत



दिनांक ५ सप्टेंबर १९७७ रोजी अमेरिकेने सोडलेले ‘व्हॉयेजर १’ हे यान गुरू व शनी यांचे निरीक्षण करून ताऱ्यांमधील अवकाशात पोहोचले आहे. १४ नोव्हेंबर २०२३ रोजी त्याने पाठविलेली माहिती एकाएकी निरर्थक झाली. संदेश येत होता. परंतु त्यात एक व शून्य यांची तीच ती मांडणी होती. यान सुमारे २४०० कोटी किलोमीटर दूर. आज्ञा पोहोचण्यास साडेबावीस तास आणि उत्तर येण्यास तितकेच!

कॅलिफोर्नियातील जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेच्या तज्ज्ञांनी उतावीळपणा केला नाही. यानावरील तीन संगणकांपैकी माहितीची जुळणी करणाऱ्या संगणकावर त्यांचा संशय होता. १ मार्च २०२४ रोजी त्यांनी त्याला नेहमीचा क्रम सोडून पाहण्याची आज्ञा दिली. दोन दिवसांनी निराळा संदेश आला. तोही प्रथम दुर्बोधच वाटला. परंतु एका अभियंत्याने तो उलगडला, तेव्हा त्यात त्या संगणकाच्या संपूर्ण स्मृतीची नक्कल आढळली. बिघाडापूर्वीच्या नकलेशी ती ताडून पाहता सुमारे तीन टक्के स्मृती निकामी झाल्याचे दिसले. दोष एका चिपचा होता.

ती चिप बदलणे अशक्य होते. तिच्यातील आज्ञावली एकत्र ठेवण्याइतकी मोकळी जागाही अन्यत्र नव्हती. म्हणून आज्ञावलीचे तुकडे करून ते निरनिराळ्या ठिकाणी ठेवण्यात आले व त्यांचे परस्परसंबंध नव्याने जुळविण्यात आले. १८ एप्रिल रोजी पहिला तुकडा रवाना झाला. २० एप्रिल रोजी यानाच्या प्रकृतीची सुबोध वार्ता आली. जूनपर्यंत चारही उपकरणांची माहिती पूर्ववत मिळू लागली.

या हकिकतीत वर्गासाठीही बोध आहे. एखादा विद्यार्थी ५२ मधून २७ वजा करून ३५ लिहितो. शिक्षक फुली मारून मोकळे झाले, तर दोष तसाच राहतो. त्याला ५८ मधून २७ वजा करावयास सांगावे. उत्तर ३१ आले, तर वजाबाकी त्याला येते, केवळ हातचा उमगलेला नाही आणि तो लहान अंक मोठ्यातून वजा करीत आहे, हे ताडता येते. मग दहा-दहा काड्यांच्या जुड्या त्याच्या हाती द्याव्यात व एक जुडी सोडावयास लावावी.

चुकलेले उत्तर हाही एक संदेशच होय. तो पुसण्यापूर्वी वाचावा.