वस्त्यांचीं नांवें आणि गांवाचा इतिहास

वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावर अनसिंग हें गांव लागतें. या नांवाचा संबंध लोक शृंगऋषींशीं जोडतात. रामायणाच्या बालकांडांत ऋष्यशृंगाची कथा आहे. विभांडकाचा हा पुत्र अंगदेशांत आला तेव्हां तेथें पाऊस पडला, आणि पुढें त्यानेंच दशरथाचा पुत्रकामेष्टि यज्ञ केला, असें ती कथा सांगते. परंतु याच ऋषीवर कर्नाटकांतील शृंगेरीचाहि हक्क आहे. तेथून जवळच किग्गा येथें त्याच्या नांवाचें देऊळ आहे. मग खरें स्थान कोणतें? हा वाद इतिहासाच्या दृष्टीनें फलदायी नाहीं. दंतकथेवरून काळ ठरत नाहीं. गांवानें आपली ओळख कशाशीं बांधून ठेविली, एवढेंच तिच्यावरून कळतें.

म्हणून दंतकथा टाकून द्यावी काय? वाशीमचा अनुभव तसा नाहीं. वत्स ऋषीसाठीं देवांचा समुदाय, म्हणजे गुल्म, तेथें जमला व त्यावरून त्या स्थळास वत्सगुल्म हें नांव मिळालें, अशी तेथील कथा आहे. कामसूत्रांत आणि राजशेखराच्या काव्यमीमांसेंतहि वत्सगुल्माचें नांव येतें. इ. स. १९३९ मध्यें वाशीमचा ताम्रपट प्रसिद्ध झाला. वाकाटक वंशांतील दुसऱ्या विंध्यशक्तीनें आपल्या ३७ व्या राज्यवर्षीं वत्सगुल्माहून दिलेलें तें दानपत्र होतें. त्यामुळें वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा येथून राज्य करीत होती, हें निश्चित झालें. कथेनें नांव सांभाळलें होतें. त्याचा पुरावा ताम्रपटानें दिला.

तथापि ताम्रपटहि सर्व कांहीं सांगत नाहीं. त्यांत राजा आहे, दान दिलेलें गांव आहे, दान घेणारे ब्राह्मण आहेत. तें गांव कसणारा मात्र नाहीं. पुढें चौदाशें वर्षांनींहि हीच स्थिति दिसते. इ. स. १७६९ मध्यें माधवराव पेशवे व जानोजी भोंसले यांच्यांत तह झाला. वाशीम व बाळापूर येथें विणलेलें पांच हजार रुपयांचें कापड भोंसल्यांनीं दरसाल पेशव्यांस द्यावें, असें त्यांत ठरलें होतें. कापडाची किंमत तहांत आली. विणणाऱ्यांपैकीं एकाचेंहि नांव आलें नाहीं.

अशा माणसांचा माग कोठें लागतो, हें दूरदेशच्या एका उदाहरणावरून ध्यानांत येईल. आयर्लंडच्या डब्लिन शहरांत, जुन्या तटाबाहेर, लिबर्टीज नांवाचा विणकरांचा मोठा भाग होता. तेथील मागांचा धंदा केव्हांच बसला. परंतु कापड ताणून वाळविण्यासाठीं ज्या लाकडी चौकटी लावीत, त्यांवरून तेथील एका वस्तीस आजहि टेंटर्स म्हणतात. क्लॉन्टार्फ या दुसऱ्या उपनगराच्या नांवाचा मूळ अर्थ बैलांचें कुरण असा आहे. कुरणें गेलीं, घरें आलीं. पण पूर्वी तेथें काय होतें, हें नांव सांगत राहिलें.

वऱ्हाडांत याच दृष्टीनें पाहिलें तर काय दिसेल? गांवाचे दोन भाग सर्वांस ठाऊक आहेत : पिकाची ती काळी आणि घरांची ती पांढरी. पांढरीवर कोणीं कोठें राहावें, हें जातीनें ठरविलें होतें. पाटलाची गढी उंचावर, देवळाजवळ ब्राह्मणवाडा, आणि महारवाडा व मांगवाडा शिवेकडे, अशी रचना गांवोगांव होती. अंतर मोजलें म्हणजे मान मोजला जाई.

पांढरीबाहेर आणखी एक वस्ती आढळते, ती बंजारा तांड्याची. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून मुलुखभर फिरणें हा या समाजाचा व्यवसाय होता. वऱ्हाडांतून जाणारी आगगाडी इ. स. १८६७ मध्यें नागपुरास पोहोंचली आणि बैलांची वाहतूक मागें पडूं लागली. फिरते तांडे हळूहळू स्थिरावले. मानोरा तालुक्यांतील पोहरादेवी येथें संत सेवालाल महाराजांची समाधि आहे आणि वाशीमपासून पुसदपर्यंतच्या प्रदेशांत ठिकठिकाणीं तांडे वसले आहेत. तांडा आपल्या नायकाच्या नांवानें ओळखला जाई; त्यामुळें त्या नांवांत एका माणसाची स्मृति आणि एका स्थलांतराची खूण दोन्ही असतात.

इ. स. २०२० च्या डिसेंबरांत महाराष्ट्र शासनानें वस्त्यांचीं जातिवाचक नांवें बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा अशा नांवांऐवजीं समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर यांसारखीं नांवें द्यावीं, असें ठरलें. हें योग्यच झालें. ज्या नांवानें मुलाला शाळेंत मान खालीं घालावी लागते, तें इतिहासाच्या नांवाखालीं टिकविण्याचा आग्रह कोणींहि धरूं नये.

परंतु नांव बदलणें निराळें आणि तें होतें हें विसरणें निराळें. वऱ्हाडांत जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदींना लोक कोतवाल बुक म्हणतात. आज जातीच्या दाखल्यासाठीं त्याच नोंदीची नक्कल काढावी लागते. अनुसूचित जातींसाठीं १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाति व भटक्या जमातींसाठीं २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठीं १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वींचें वास्तव्य दाखवावें लागतें. जुना कागद जुन्या नांवानें बोलतो, आणि नातू नव्या नांवाच्या वस्तींत राहतो. दोन्ही वस्त्या एकच, हें सांगणारी वृद्ध माणसें गेलीं आणि कागदहि नसला, तर आजोबांचा वारसा नातवास सिद्ध करतां येणार नाहीं. शिवाय कोणास शिवेवर कां राहावें लागलें, हें पुढच्या पिढीस कळलें नाहीं, तर समतानगर या नांवामागील झगडाहि तिला कळणार नाहीं.

यासाठीं मोठा ग्रंथ नको. शाळेंत किंवा ग्रामपंचायतींत एक वही पुरे. तींत प्रत्येक वस्तीचें जुनें नांव, नवें नांव, बदलाचें वर्ष, तेथील विहीर, तेथील धंदा व सांगणाराचें नांव लिहावें. ऐकींव तें ऐकींव म्हणून आणि कागदावरचें तें कागदाच्या दिनांकासह नोंदावें. शृंगऋषींची कथा तींत अवश्य यावी. मात्र सुरुवात देवळापासून न करतां शिवेकडच्या शेवटल्या घरापासून करावी. कारण तेथील आठवण आजवर कोणींहि तांब्यावर कोरून ठेविलेली नाहीं.