भिंतीवरच्या बंदुका



खंडेनवमी आली की सातारा-सांगलीकडच्या जुन्या वाड्यांतून एका दिवसापुरती शस्त्रे बाहेर निघतात. तलवार, दांडपट्टा, एखादा भाला, आणि त्यांच्या मागच्या बाजूला, जरा अंग चोरून उभी असलेली एखादी बंदूक. तलवारीचा इतिहास घरातले कोणीही सांगते. खरा असो वा रचलेला, पण सांगते. बंदुकीविषयी विचारले तर उत्तर ठरलेले: "आजोबांची आहे. शिकारीला न्यायचे." पुढे काही नाही. झेंडूचे फूल वाहायचे, हळदकुंकू लावायचे आणि पुन्हा खुंटीवर. आज मी ह्या मागच्या रांगेतल्या बंदुकीविषयी बोलणार आहे. शिकारीच्या जुन्या बंदुका आणि रायफली जमवणे, त्या ओळखणे, त्यांची कुळकथा काढणे हा जगात एक नामी छंद मानला जातो. आपल्याकडे त्याला कायद्याची मोठी वेस आहे, आणि ती असावी हेही बरोबरच. पण वेशीच्या आत राहूनही करण्यासारखे पुष्कळ आहे.

जुनी बंदूक दिसली की आधी ती पेट कुठे घेते ते पाहावे. जळत्या तोड्याने पेटणारी ती तोड्याची. गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पाडणारी ती चकमकीची. तांब्याच्या लहानशा टोपीवर घोडा आपटून पेटणारी ती टोपीची. ह्या तिन्ही नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी घालून गजाने ठासायच्या, म्हणून आपल्या बोलीत सरसकट 'ठासणीची बंदूक'. पाटण, जावळी, शिराळा ह्या डोंगरी भागांत रानडुकरापासून भात आणि नाचणी राखण्यासाठी शेतकऱ्याने जी बंदूक बाळगली ती बहुधा हीच. कायद्यानेही पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी सोय ठेवलेली आहे.

टोपीची कल्पना निघाली कशी, हे ऐकण्यासारखे आहे. स्कॉटलंडमध्ये बेलहेल्वी नावाच्या गावी अलेक्झांडर फोर्साइथ नावाचे पाद्री होते. रविवारी उपदेश करायचा आणि सवड मिळाली की पाणपक्ष्यांच्या शिकारीला जायचे. चकमकीच्या बंदुकीत आधी बाहेरची रंजक भपकन पेटते आणि मग आतला बार उडतो. त्या क्षणभराच्या भपक्याने पाखरू सावध होऊन निसटायचे. पाद्रीबुवा चिडले आणि आघाताने पेटणाऱ्या रसायनाच्या मागे लागले. १८०७ साली त्यांनी आपल्या युक्तीचे पेटंट घेतले, आणि त्याच वाटेने पुढे इतरांनी तांब्याची टोपी आणली. मग जगभर जुन्या चकमकीच्या बंदुका लोहाराकडे जाऊन टोपीच्या झाल्या. अशी पालटलेली बंदूक ओळखता येते. चापाजवळच्या पट्टीवर जुन्या स्क्रूंची बुजवलेली भोके दिसतात. पहिल्यांदा अशी भोके ज्याला स्वतः सापडतात, त्याला हा छंद लागला म्हणून समजा.

पुढे काडतूस आले, बंदूक मागून उघडू लागली आणि दुनळी घरोघर नसली तरी वाड्यावाड्यांत शिरली. इथे एक गैरसमज दूर करतो. बारा बोअर म्हणजे बारा मिलिमीटर नव्हे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते. वरच्या वर्गातल्या मुलांना हे गणित घालून पाहा, गुरुजी. गोलाचे घनफळ कायमचे लक्षात राहील. आणि साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते, रायफलीच्या नळीत पिळाच्या खाचा असतात. त्या खाचांनी गोळीला गिरकी मिळते आणि भोवरा जसा फिरत असेतो उभा राहतो, तशी गोळी आपली वाट सोडत नाही.

आता जमवणाऱ्यांच्या खास आवडीची चीज, म्हणजे आपोआप भरणारी शिकारी रायफल. तिला लोक ऑटोमॅटिक म्हणतात ते बरोबर नाही. चाप एकदा ओढला की गोळी एकच सुटते. रिकामे टरफल बाहेर फेकणे आणि नवे काडतूस नळीत चढवणे एवढे काम मात्र बंदूक आपले आपण करते. हे काळ्या दारूच्या जमान्यात जमणे अवघड होते, कारण त्या दारूची काजळी यंत्रात बसून ते आखडायचे. १८८४ च्या सुमारास फ्रान्समध्ये व्हिएय ह्या रसायनज्ञाने बिनधुराची दारू तयार केली आणि वाट मोकळी झाली. अमेरिकेत विंचेस्टर कंपनीने १९०३ साली लहान बोअरची, आणि १९०५ व १९०७ साली शिकारीच्या बोअरच्या अशा रायफली काढल्या. त्यांची युक्ती अगदी गावठी वाटावी इतकी सरळ आहे. पुढच्या लाकडी मुठीत लोखंडाचा एक जड ठोकळा लपवलेला असतो. गोळी सुटल्यावर मागे येणारा धक्का त्या वजनाला हलवता हलवता दमतो, आणि तेवढ्या अवधीत गोळी नळीबाहेर पडलेली असते.

रेमिंग्टन कंपनीची १९०६ ची रायफल ह्याहून चतुर. तिचा कर्ता जॉन ब्राउनिंग. हिच्यात बाहेर दिसते ती खरी नळी नव्हेच, ते नुसते आवरण. खरी नळी आत असते, आणि बार झाला की ती बोल्टासह पार मागे सरकते. मग नळी पुढे जाते, बोल्ट क्षणभर अडून राहतो, टरफल उडते, आणि बोल्ट नवे काडतूस घेऊन पुढे येतो. पोटात पाच काडतुसे. १९११ साली कंपनीने आपल्या मालाला क्रमांक दिले तेव्हा हिला 'मॉडेल आठ' हे नाव मिळाले. तेव्हा नळीवर ते नाव कोरलेले नसेल तर नग त्याआधीचा असण्याचा संभव. १९३६ पर्यंत ती निघत होती. आपल्याकडच्या जुन्या शिकाऱ्यांचा भर मात्र विलायती दुनळी रायफलीवर आणि माउझरच्या घडणीच्या बोल्टच्या रायफलीवर. पाच बार भराभर सोडणारे यंत्र त्यांतल्या पुष्कळांना अशोभनीय वाटे. मला विचाराल तर ब्राउनिंगच्या कारागिरीला शंभरपैकी शंभर गुण द्यावेत. पण ज्याच्या हाती ठासणीचा एकच बार होता तो नेम धरण्याआधी विचार करत असे, आणि तो विचार काही ह्या यंत्राला करता येत नाही.

ह्या छंदाची खरी गोडी बंदूक उडवण्यात नाही, ती वाचण्यात आहे. नळीच्या मुळाशी बारीक शिक्के असतात. बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ च्या कायद्याने सुरू झाले. तिथे नळी जादा दारूने तपासून शिक्का मारत. लंबगोलात ई, एल, जी अशी रोमन अक्षरे दिसली तर माल बेल्जममधल्या लिएजचा. कधी विक्रेत्याचे नाव असते. कलकत्त्याच्या रॉडा कंपनीचे नाव वाचले की इतिहासाच्या शिक्षकाला २६ ऑगस्ट १९१४ आठवावा. त्या दिवशी बंगालच्या क्रांतिकारकांनी ह्याच कंपनीची ५० माउझर पिस्तुले पळवली होती. बोअरचा आकडासुद्धा बोलतो. विलायती भारी रायफलींत .४७०, .४६५ असे आडमाप आकडे का दिसतात? विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने हिंदुस्थानात .४५० बोअरच्या रायफली आणण्यास मनाई केली, कारण लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्रीची काडतुसे बंडखोरांच्या हाती पडत होती आणि गोळीचे माप तेच होते. कारखानदारांनी धंदा सोडला नाही, माप बदलले. राज्यकर्त्यांच्या पोटातली भीती अशी एका आकड्यात कोरलेली सापडते.

आणि प्रत्येक चांगल्या बंदुकीवर क्रमांक असतो. रिग्बी, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स ह्या घराण्यांनी आपल्या जुन्या वह्या जपून ठेवल्या आहेत. क्रमांक कळवला तर बंदूक कोणत्या साली, कोणासाठी घडवली हे पुष्कळदा कळते. जिम कॉर्बेट ह्यांची .२७५ रिग्बी ही दिसायला साधी बोल्टची रायफल. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर १९०७ साली ती त्यांना भेट मिळाली. पुढे ती त्यांच्या प्रकाशकांकडे गेली, अखेर रिग्बी कंपनीने ती परत मिळवली आणि २०१६ साली लोकांनी पाहावी म्हणून हिंदुस्थानात आणली. तिची किंमत लाकूडलोखंडाची नव्हे, तिच्यावरच्या चांदीच्या लहानशा पट्टीवर कोरलेल्या मजकुराची.

कागद नसला म्हणजे काय होते, हेही साताऱ्याने अलीकडेच पाहिले. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे साताऱ्याच्या श्री छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली. ती एके काळी साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ ह्याच्याकडे होती. माणसे दुरून दुरून पाहायला आली. पण ती महाराजांनी वापरलेलीच, हे सिद्ध करता आलेले नाही, असे ते लंडनचे संग्रहालयच सांगते. श्रद्धेला पुरावा लागत नाही; संग्राहकाला मात्र तो लागतो. म्हणून आजोबांच्या बंदुकीबरोबर परवान्याचे जुने पुस्तक असेल तर ते रद्दीत घालू नका. काडतूस-खरेदीच्या नोंदी त्यात असतात. कोणत्या साली किती काडतुसे घेतली आणि कोणत्या सालापासून घेणे थांबले, ह्यावरून घराची आणि रानाचीही हकीकत लागते.

रानाची हकीकत तर काही सुखाची नाही. ह्याच बंदुकांपुढे सह्याद्रीच्या ह्या पट्ट्यातली जनावरे विरळ होत गेली. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधल्या संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरे पाहताना माणूस आधी थक्क होतो आणि मग गप्प होतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा तो जमाना संपला. १९८५ साली कोयना अभयारण्य झाले, २००४ साली चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि २०१० साली दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्रप्रकल्प. तेव्हा घरात बंदुकीशेजारी वाघाचे कातडे किंवा सांबराचे शिंग असेल, तर त्याचे मालकीचे प्रमाणपत्र वनखात्याचे आहे का, तेही पाहून ठेवावे.

आता कायदा. बंदुकीला परवाना हवा हा दंडक १८७८ चा, इंग्रजांचा. १९३० च्या जानेवारीत गांधीजींनी व्हाइसरॉयपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत मिठावरचा कर होता तसा स्वसंरक्षणासाठी बंदुकीचा परवानाही होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. स्वराज्यात १९५९ चा शस्त्र कायदा आला. त्याखाली एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत. २०१९ च्या दुरुस्तीने त्या दोन झाल्या. आपोआप भरणारी रायफल तर नियमांनी निर्बंधित वर्गात घातली आहे, ती सर्वसाधारण परवान्यावर मिळत नाही. परवानाधारक वारला तर त्याची बंदूक वारसाच्या नावावर आपोआप होत नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानेदार विक्रेत्याकडे जमा करून वारसाने रीतसर अर्ज करावा. पुष्कळ घरांत भिऊन ती माळ्यावर लपवतात, कोणी विहिरीत टाकतात. लपवली तर गुन्हा, टाकली तर इतिहास बुडाला. जे हत्यार जुन्या धाटणीचे, पुराणवस्तू म्हणून मोलाचे किंवा मोडके आहे आणि दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालणार नाही, त्याला कायद्यात सूट आहे. पण ते तसे आहे की नाही, हे आपण घरी बसून ठरवायचे नाही. पोलिसांकडून आणि जाणकाराकडून ठरवून घ्यावे आणि तसा कागद ठेवावा.

एक सूचना जरा कडक शब्दांत देतो. ठासणीची जुनी बंदूक रिकामीच आहे असे धरून चालू नका. पन्नास-साठ वर्षांपूर्वी डुकरासाठी भरलेला बार तसाच आत राहिलेला असू शकतो, आणि कोरड्या दारूला वय नसते. मुलांच्या हाती ती देऊ नये, घोडा ओढून पाहू नये, नळीपुढे कोणी उभे राहू नये. आधी जाणकाराकडून बार काढून घ्यावा, मग पूजा.

निगा राखणे सोपे आहे. चिंच, राख, विटकर ह्यांनी नळी घासून चकचकीत करू नका. तो तपकिरी रंग कारागिराने मुद्दाम चढवलेला असतो, आणि त्याच्याबरोबर शिक्के झिजतात. ओले हळदकुंकू लावले तर संध्याकाळी पुसून घ्या, नाहीतर तिथेच गंज धरतो. लोखंडाला पातळ तेलाचा हात, दस्त्याच्या लाकडाला जवसाचे तेल. चामड्याच्या म्यानात बंद करून ठेवू नका. महाबळेश्वर-पाटणच्या पावसात चामडे ओल धरते आणि आतल्या आत नळी खाते. आटपाडी-जतच्या कोरड्या हवेत राहिलेल्या बंदुका त्या मानाने सुखी.

दुरुस्तीला आता हात मिळत नाहीत, ही खरी अडचण. पूर्वी हे काम शिकलगारांचे. मिरजेचे शिकलगार शस्त्रांना धार आणि पाणी देत. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचा धंदा बसला, तेव्हा त्यांच्यातल्या फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी भोपळा आणि लाकूड हाती घेतले आणि मिरजेची सतार व तंबोरा देशभर गाजला. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. पात्याची वक्रता ज्या नजरेने पाहिली, तीच नजर तंबोऱ्याच्या जवारीवर बसली. मिरजेला गेलात तर तंतुवाद्यांच्या एखाद्या दुकानात थोडा वेळ बसा आणि जुन्या धंद्याची गोष्ट काढा.

शिक्षक मित्रांनो, तुमच्या गावी परवान्याची किंवा निकामी ठरलेली अशी बंदूक असेल, तर मालकाच्या संमतीने एक वही घाला. प्रकार, लांबी, बोअर, शिक्क्यांची नक्कल, दस्त्यावरची खूण, ती कोणी कोणाकडून घेतली, शेवटचा बार केव्हा आणि कशावर टाकला. शिक्क्यांची नक्कल कागद ठेवून पेन्सिल फिरवली की छान उमटते. म्हाताऱ्या माणसांकडून शेवटच्या दोन रकाने आधी भरून घ्या. बाकीचे लोखंडावर लिहिलेले आहे, ते पुढच्या सुट्टीत वाचले तरी चालेल.