गेट चेंज

माझे अब्बा मिरज स्टेशनवर हमाल होते. लाल सदरा, दंडावर पितळी बिल्ला. शाळेत ते कधी गेले नाहीत, अंगठा उठवायचे. पण त्यांना चाळीसेक इंग्रजी शब्द येत होते आणि त्यातला एकही वाया जात नव्हता. अप, डाऊन, लेट, राइट टाइम, फर्स्ट क्लास, बर्थ, लगेज. आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे 'चेंज'.

माझ्या लहानपणी मिरज जंक्शनात तीन मापांचे रूळ एकत्र यायचे. पुणे आणि कोल्हापूरकडे ब्रॉडगेज, बेळगाव-हुबळीकडे मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे नॅरोगेज. एका रुळावरची गाडी दुसऱ्यावर चालणार कशी? गोव्याहून मुंबईला निघालेला माणूस असो की पंढरीचा वारकरी असो, मिरजेत उतरायचं, सामान उचलायचं आणि दुसऱ्या गाडीत बसायचं. गाडी फलाटाला लागायच्या आत अब्बा डब्याबरोबर पळत ओरडायचे, "साब, किधर का चेंज?" या एका प्रश्नावर आमची चूल पेटायची. रूळ सारख्या मापाचे असते तर मी बी.ए. झालो नसतो, असं मी कधीकधी गमतीने म्हणतो.

आम्हाला शाळेत इंग्रजी पाचवीपासून. सुटी संपून शाळा सुरू झाली की गुरुजी निबंध घालायचे. 'हाऊ आय स्पेंट माय हॉलिडेज.' आता आमच्या घरात सुटी हा शब्दच नव्हता. होता तो 'खाडा'. अब्बा तापाने पडले की खाडा, गाड्या बंद असल्या की खाडा. खाडा म्हणजे त्या दिवशी पैसा नाही. माझी मे महिन्याची सुटी फलाटावर पाण्याचे तांबे भरून देण्यात जायची. ते लिहायची लाज वाटली, आणि लिहायचं ठरवलं असतं तरी 'तांब्या'ला इंग्रजी शब्द येत नव्हता. मग गाइडातून उतरवलं की आम्ही सहकुटुंब हिल स्टेशनला गेलो. हिल स्टेशन म्हणजे डोंगरावरचं रेल्वे स्टेशन असणार, हा माझा पक्का समज. म्हणून मी पदरचं एक वाक्य जोडलं की महाबळेश्वर स्टेशनवर आमची गाडी राइट टाइम आली. गुरुजींनी वहीवर लाल रेघ मारली आणि वर्गाला वाचून दाखवलं. वर्ग हसला. पुढे कळलं की इंग्रजीतला 'हॉलिडे' हा मुळात पवित्र दिवस, 'होली डे'. आणि 'ट्रॅव्हल' हा शब्द कष्टाला असलेल्या जुन्या फ्रेंच शब्दातून आलेला. अब्बांना हा दुसरा अर्थ कुणी सांगायची गरज नव्हती.

मित्रहो, इंग्रजी शब्द आपल्याला येत नाहीत अशी आपली तक्रार असते. मला वाटतं, येतात ते शब्दच जास्त फसवतात. आपण म्हणतो, "मी पॅसेंजरने आलो." इंग्रजीत पॅसेंजर म्हणजे बसलेला माणूस. आपल्याकडे ती दर स्टेशनावर थांबणारी गाडी. आपण हॉटेलात मिसळ खातो आणि लॉजवर झोपतो. इंग्रज हॉटेलात झोपतो. लोकल म्हटलं की मुंबईकराला गर्दी दिसते, साहेबाला स्थानिक माणूस. आपण या शब्दांना मराठी करून घेतलं, ठेसन केलं, फलाट केला, एस.टी.ची यष्टी केली, सिग्नलचा 'सिंगल पडला' म्हणालो. यात मला काही वावगं वाटत नाही. शब्द आपल्या दारात आला की त्याने आपल्या पायताणात चालावं. पंचाईत होते ती आपण त्याच्या दारात गेल्यावर.

माझी ती पंचाईत २००७ साली झाली, आणि ती मी अकरा वर्षं घरात लपवून ठेवली.

दिल्लीला बहुभाषी कविसंमेलन होतं. मराठीतून मला बोलावणं आलं. पुण्याहून विमानाचं तिकीट पाठवलं होतं. आयुष्यातलं पहिलं विमान. मी तीन तास आधी लोहगावला हजर. रांगा पार पडल्या, हातात बोर्डिंग पास आला. 'बोर्डिंग' हा शब्द मला फार जवळचा. कोल्हापुरात शाहू महाराजांनी निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी बोर्डिंगं काढली, त्यातल्या मुस्लिम बोर्डिंगात राहून मी कॉलेज केलं. बोर्डिंग म्हणजे राहायची, जेवायची सोय. पासावर बोर्डिंगची वेळ छापलेली होती आणि खाली सीट नंबर. मी आपला यष्टीचा हिशेब केला. यष्टी लागली की आपण खिडकीतून रुमाल टाकायला धावतो, कारण जागेवर नाव नसतं. इथे तर नंबर छापलाय. मग कशाला धावायचं? गाडी सुटायच्या वेळी जाऊ. मी चहा घेतला आणि दिल्लीत वाचायची कविता पुन्हा वाचत बसलो. पाटीवर 'बोर्डिंग' दिसत होतं, नंतर 'फायनल कॉल' आलं. भोंग्यावरून कुणाचं तरी नाव दोन-तीनदा पुकारलं. आडनाव आधी, मग नाव, तेही असं चावून की ते माझंच आहे हे मला कळलं नाही. विमान सुटायच्या दहा मिनिटं आधी मी रुबाबात दारापाशी गेलो. दार बंद. काचेतून विमान दिसत होतं, जागेवरच उभं होतं. काउंटरवरच्या मुलीने इंग्रजीत जे सांगितलं त्यातलं 'क्लोज्ड' एवढंच समजलं. मी मराठीत बोललो, हिंदीत बोललो, शेवटी नुसता पास दाखवत राहिलो. माझ्यामागे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी शेजाऱ्याला हळूच म्हटलं, "पहिल्यांदाच आलेला दिसतोय." मला ते 'क्लोज्ड'पेक्षा जास्त लागलं.

स्वारगेटवरून रात्रीच्या यष्टीने मिरजेला परत. घरी सांगितलं, विमान कॅन्सल झालं. कॅन्सल हा शब्द छान आहे. त्याचा अर्थ कुणी विचारत नाही.

२०१८ सालची गोष्ट. मुलगी लग्न होऊन मस्कतला गेलेली, तिचे दिवस भरत आले होते. तिची अम्मी जाणार हे ठरलेलं. मीही जायचा, पण माझी आई अंथरुणाला खिळलेली. दोघांपैकी एकाने घरी राहणं भाग होतं. म्हणजे बायको एकटी. शिक्षण सातवीपर्यंत, मराठी शाळेत. मिरजेच्या पलीकडे तिने पाहिलेलं मोठं गाव म्हणजे मुंबई, तेही नातेवाइकांच्या लग्नात.

मी बी.ए. असल्यामुळे शिकवणी माझ्याकडे आली. बसस्टँडच्या पुस्तकवाल्याकडून इंग्रजी बोलायला शिकवणारं एक पुस्तक आणलं. त्यात 'प्रवास, वाहने व सुट्या' असा धडा. शंभराच्या वर शब्द. मी शंभर पानी वहीत ते उतरवून दिले, रोज दहा पाठ करायचे. पहिलाच शब्द 'कॅरव्हॅन'. खुलासा केला होता की चाकांवरचं घर, जे मोटारीला जोडून नेतात. मला मजा वाटली, कारण हा आपलाच कारवाँ. फारसीतून तिकडे गेला आणि त्याचं शेपूट तोडून त्यांनी 'व्हॅन' केली. मी तिला उत्साहाने सांगत बसलो, की प्रवासाचे आपले शब्द तरी कुठून आले? मुक्काम अरबी, मजल अरबी, सामान आणि रस्ता फारसी. अब्बांचा हमालसुद्धा अरबी. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "शब्द कुठनं आले ते राहू द्या. मी कशी जायची ते सांगा."

चौथ्या दिवशी 'सँडकॅसल' आला. वाळूचा किल्ला. तिने वही मिटली. "मी पोरीच्या बाळंतपणाला चाललेय. मला वाळूचा किल्ला कशाला लागतोय?"

तिचं बरोबर होतं. ते पुस्तक सुटीवर जाणाऱ्या माणसासाठी होतं. आणि त्यात नुसती नावं होती. सूटकेसला सूटकेस म्हणता आलं नाही म्हणून कुणी अडत नाही, ती हातातच असते. अडतं ते समोरचा काय म्हणतोय हे न कळल्यामुळे. मग तिने विचारलं, "तुम्ही गेला होतात ना विमानतळावर? कसं कसं असतं ते पहिल्यापासून सांगा."

आता काय सांगणार? दारापर्यंतचं सांगितलं आणि थांबलो. ती तव्याकडे बघत होती. मग मी सगळं सांगून टाकलं. चहा, पाटी, पुकारलेलं नाव, काचेपलीकडचं विमान. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. म्हणाली, "म्हणजे तुम्ही रात्रभर यष्टीत बसून आलात, आणि मी सकाळी विमानवाल्यांना शिव्या घातल्या." थोड्या वेळाने म्हणाली, "मग हे वहीत लिहा ना."

ती वही तिथून बदलली. आम्ही नावं खोडली आणि तिच्या कानावर काय पडेल ते लिहायला लागलो. 'बोर्डिंग' म्हणजे आत्ता उठायचं. 'फायनल कॉल' म्हणजे पळायचं. 'डिलेड' म्हणजे आपलं लेट. तिथे 'क्यू' म्हणतील, ती आपली लाइन. 'बॅगेज' म्हणतील, ते आपलं लगेज. पासावरची वेळ ती सुटायची वेळ नाही, दारात उभं राहायची वेळ. तिचं नाव इंग्रज उलटं करून कसं पुकारेल ते मी नाकातून चार-पाच तऱ्हांनी म्हणून दाखवलं. हा धडा आमच्या घरात सगळ्यांना आवडला, अंथरुणावरून आईसुद्धा हसायची. बोलायची वाक्यं फक्त तीन ठेवली. त्यातलं एक म्हणजे कुठल्याही दारापाशी, कुठल्याही माणसाला, "इज धिस फॉर मस्कत?"

मी पोळपाटाचा काउंटर करून साहेब व्हायचो. "पर्पज ऑफ व्हिजिट?" ती ठणठणीत आवाजात म्हणायची, "डिलिव्हरी!" फोनवर मुलगी ऐकत होती. ती म्हणाली, "अम्मी, असं म्हणालीस तर तुला कुरिअरवाली समजतील." मग ते 'टू सी माय डॉटर' असं केलं.

महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला गेलो. विमानतळाच्या दारातून पुढे मला जाता येत नव्हतं. काचेतून ती बराच वेळ दिसली. वही छातीशी धरलेली, पुस्तक धरतात तशी. मग दिसेनाशी झाली. मी बाहेर कठड्यावर बसून राहिलो. पुढचे चार तास माझ्या हातात काही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी तिच्यापेक्षा त्या वहीचीच काळजी करत होतो. माझ्या हातचं काही चुकलं असेल तर?

विमानात बसायच्या आधी तिचा फोन आला. श्वास लागला होता. म्हणाली, सगळे बसले होते, तेवढ्यात एक पोरगा काहीतरी भराभर बोलत गेला. लोक उठायला लागले. तिला एकच शब्द ऐकू आला, 'चेंज'. तो वहीत नव्हता. माझ्या कुठल्याच यादीत नव्हता. "पण अब्बा म्हणायचे ना," ती म्हणाली, "चेंज म्हणजे सामान उचला आणि चला." तिने सामान उचललं, पुढे चाललेल्या एका बाईला "मस्कत?" विचारलं आणि तिच्यामागे नव्या दाराला गेली. तिथे आणखी दोघांना विचारलं.

अब्बांना जाऊन तेव्हा सतरा वर्षं झाली होती. आयुष्यात ते विमानाच्या जवळ गेले नाहीत.

मस्कतला उतरल्यावर वेगळीच गंमत झाली. मी 'आउट' लिहून दिलं होतं, आणि पाटीवर होतं 'एक्झिट'. पण शेजारी अरबीही होतं. बायको कुराण वाचते, त्यामुळे अक्षरं ओळखीची. तिने जुळवून वाचलं, 'खुरूज'. शाळेतून नाव खारिज होतं त्यातलाच शब्द. म्हणजे बाहेर. ती बाहेर पडली. जावई फुलं घेऊन उभा होता. मला कळवलं ते असं, "तुमच्या इंग्रजीने अर्ध्यापर्यंत पोचवलं."

ती तीन महिने राहिली. नातू झाला. परत आली तेव्हा वहीची मागची पानं भरलेली होती. तिने स्वतः ऐकून, मराठी अक्षरांत लिहिलेले शब्द. 'सीट बेल्ट', 'एनी लिक्विड?', 'स्टँड हिअर', 'वेलकम मादाम'. शेवटच्या शब्दापुढे अर्थाच्या जागी तिने लिहिलं होतं, 'मला म्हणाले'.

यंदा आम्ही दोघंही जाणार आहोत. नातू शाळेत जायला लागलाय, त्याला सुट्या आहेत. वही तिच्याकडे असते. संध्याकाळी ती स्वयंपाकघरात पोळपाट आडवा धरून बसते आणि मला समोर उभं करते. परवा विचारलं, "पर्पज ऑफ व्हिजिट?"

मी म्हटलं, "हॉलिडे."

"मोठ्याने," ती म्हणाली, "साहेबाला ऐकू आलं नाही."