आकडा सांगतो तेवढंच पाणी येत नाही
(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीतल्या भाषणाचा मजकूर)



पूर म्हटला की आपल्याला आषाढ-श्रावणातला पाऊस आठवतो. पण थंड मुलखातल्या काही नद्यांना पूर येतो तो हिवाळा सरताना, कधी कधी तर स्वच्छ उन्हात. थंडीभर साचलेला बर्फ वितळतो आणि कित्येक महिन्यांचं पाणी थोड्या दिवसांत नदीत उतरतं. अमेरिकेतून कॅनडात जाणारी रेड नदी अशीच आहे.

ही नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. म्हणजे वरच्या अंगाला बर्फ आधी वितळतो, तेव्हा खाली उत्तरेला नदी अजून गोठलेलीच असते. पाण्याला वाट मिळत नाही. त्यात जमीन परातीसारखी सपाट, त्यामुळे पात्राबाहेर आलेलं पाणी मैलोन्‌मैल पसरतं.

१९९६-९७ च्या हिवाळ्यात तिथे बर्फाची आठ मोठी वादळं झाली. ग्रँड फोर्क्स शहराला हवामान खात्याने बरंच आधी सांगितलं होतं, पाणी ४९ फुटांपर्यंत चढेल. लोक काही हातावर हात ठेवून बसले नाहीत. वाळूची पोती भरली, बांध सुमारे ५२ फुटांपर्यंत उंच केले. तीन फूट जास्तीचे, मग आता कसली काळजी? पण एप्रिलमध्ये पाणी ५४ फुटांच्या वर गेलं. दोन्ही काठांवरची मिळून जवळपास पन्नास हजार माणसं घराबाहेर पडली. शहरात पाणी साचलेलं असतानाच बाजारपेठेला आग लागली आणि ११ इमारती जळाल्या. पुराचा विमा फार थोड्यांनी काढला होता. डोक्यात ४९ हा आकडा पक्का बसला होता ना!

बायांनो, अंदाज म्हणजे अंदाज. तो थोडा इकडे-तिकडे होणारच. ते ‘थोडं’ किती असू शकतं, हे लोकांना नीट समजावून सांगितलं गेलं नाही. घात तिथे झाला.

त्याच नदीवर खाली कॅनडातलं विनिपेग शहर आहे. १९५० च्या पुरात तिथल्या सुमारे एक लाख लोकांना घरं सोडावी लागली. मग १९६२ ते १९६८ या काळात शहराला वळसा घालून ४७ किलोमीटरचा कालवा खोदला. एवढा खर्च कशाला, म्हणून तेव्हा टीका झाली. १९९७ मध्ये त्याच कालव्याने बहुतेक शहर वाचवलं. शहराबाहेरच्या सेंट अगाथ गावात मात्र पाणी शिरलं. म्हणून बंदोबस्त ठरतो तेव्हा लहान गावांनीही बोललं पाहिजे.

फुटांचे आकडे आपल्याला नवे नाहीत. कोल्हापुरात पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आकडा ऐकला की लगेच विचारा, “याच्याही वर गेलं तर?”

त्याचं उत्तर पावसाआधीच्या बैठकीत ठरवा. गटाचं दप्तर आणि पासबुकं कुणाच्या माळ्यावर जातील? बाळंतीण, म्हाताऱ्या सासूबाई, शेळ्या आधी कुठे हलवायच्या? कोण कुणाला हाक मारणार? ठरलेलं इतिवृत्तात लिहा आणि नावं वाचून दाखवा.

पाणी कमी आलं तर चार पोती फुकट भरली, एवढंच. जास्त आलं तर तीच चार पोती घर राखतील.