दप्तरांतून दिसणारा एक स्कॉटिश शेतकरी

राजेरजवाड्यांचे चरित्र लिहावयाचे तर साधनांची वाण पडत नाही. त्यांच्या सनदा व खलिते पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवलेले असतात. परंतु ज्याने जन्मभर दुसऱ्याची जमीन कसली, अशा साध्या कुळाचे चरित्र कशाच्या आधारे जुळवावयाचे? स्कॉटलंडमध्ये हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा दूरदेशी गेलेल्या स्कॉटिश कुटुंबांचे वंशज आपल्या खेडवळ पूर्वजांचा माग काढीत एडिंबरोच्या दप्तरखान्यापर्यंत येतात. या शोधाची रीत कोणती आणि तिच्यातून हाती काय लागते, हे एका शेतकऱ्याच्या उदाहरणावरून पाहण्यासारखे आहे. त्याचे नाव विल्यम बर्नेस. रॉबर्ट बर्न्स या कवीचा तो पिता. पुत्राच्या कीर्तीमुळे त्याची कागदपत्रे पुष्कळांनी चाळली. पण ती कागदपत्रे त्या काळच्या कोणाही गरीब कुळाची असावीत तशीच आहेत.

या शोधाचा पहिला नियम असा की, माहीत असलेल्या माणसापासून आरंभ करून एकेक पायरी मागे जावे. १८५५ च्या जानेवारीपासून स्कॉटलंडमध्ये जन्म, विवाह व मृत्यू यांची सरकारी नोंद सक्तीची झाली. मृताच्या नोंदीत त्याच्या आईबापांची नावे द्यावी लागत. त्यामुळे एकाच्या मृत्यूची नोंद मागच्या पिढीचे दार उघडते. विल्यमची सर्वांत धाकटी कन्या इझाबेला १८५८ साली, म्हणजे हा कायदा अमलात आल्यावर वारली. शिरगणतीचाही असाच उपयोग होतो. मात्र १८४१ च्या गणतीत प्रौढांची वये पाचाच्या पटीत उतरवून लिहिण्याची सूचना होती. ती लक्षात न ठेवणारा शोधक चार वर्षांनी सहज चुकतो. १८५१ पासून जन्माचा परगणाही विचारला जाऊ लागला आणि काम सोपे झाले.

१८५५ च्या पूर्वीचा आधार म्हणजे चर्चच्या परगणेवार वह्या. त्या सर्वत्र सारख्या काळजीने ठेवलेल्या नाहीत. १७८३ पासून १७९४ पर्यंत प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सांचा कर होता. तेवढ्या पैशांसाठी कित्येक गरिबांनी मुलांची नोंदच केली नाही. म्हणून वहीत नाव नाही, यावरून माणूसच नव्हता असे अनुमान काढणे धोक्याचे. एअर येथील वहीत १७५९ च्या जानेवारीची २५ ही रॉबर्टची जन्मतारीख नोंदलेली आहे. तेथे बापाचे आडनाव ‘बर्न्स’ असे व आईचे ‘ब्राउन’ असे पडले आहे. बाप स्वतः ‘बर्नेस’ लिहीत असे, आणि त्याच्या मुलांनी ‘बर्न्स’ हे रूप १७८६ च्या सुमारास कायम केले. लेखनिकाच्या कानाला जे ऐकू आले ते त्याने लिहिले. एकाच वर्णलेखनाला चिकटून बसणारा शोधक आपल्याच आजोबाला ओळखावयाचा नाही!

वह्या जेथे मुक्या होतात तेथे रूढी बोलते. थोरल्या मुलाला बापाच्या बापाचे व दुसऱ्याला आईच्या बापाचे नाव द्यावे, अशी स्कॉटलंडात चाल होती. विल्यमच्या बापाचे नाव रॉबर्ट आणि सासऱ्याचे गिल्बर्ट. त्याचे पहिले दोन पुत्र रॉबर्ट व गिल्बर्ट हेच होत. पहिल्या कन्येला आजीचे, म्हणजे आईच्या आईचे, ॲग्नेस हे नाव मिळाले. परंतु दुसऱ्या कन्येला बापाच्या आईचे इझाबेला हे नाव मिळावयाचे, ते तिला न मिळता पुढे सर्वांत धाकटीला मिळाले. तात्पर्य, रूढी ही वाट दाखविते. पुरावा मात्र निराळा शोधावा लागतो.

या साधनांतून दिसणारे विल्यमचे आयुष्य असे आहे. १७२१ साली उत्तरेकडील किंकार्डिनशायरात एका शेतकऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. १७४८ साली घर सोडताना त्याने स्थानिक जमीनदारांकडून सद्वर्तनाचे पत्र घेतले. परक्या ठिकाणी जाणाऱ्या गरिबाला असे पत्र हीच काय ती ओळख. एडिंबरोस व पुढे एअरशायरात त्याने माळीकाम केले. ॲलोवे येथे सात एकर जमीन घेऊन त्याने स्वतःच्या हातांनी मातीचे घर बांधले, आणि १७५७ च्या डिसेंबरात ॲग्नेस ब्राउन हिच्याशी विवाह केला. पुढे माउंट ऑलिफंट येथील सत्तर एकरांच्या निकस जमिनीत घरच्या सर्वांनी राबून दिवस काढले. १७७७ साली लॉकली येथील एकशेतीस एकर जमीन एकरी वीस शिलिंग खंडाने त्याने घेतली.

येथेच त्याच्या हातून एक चूक झाली. लॉकलीच्या कराराच्या अटी कागदावर आल्या नाहीत. पुढे चुना, बांधबंदिस्ती व इमारती यांचा खर्च कोणी सोसावयाचा, यावरून मालकाशी तंटा लागला. १७८३ च्या मे महिन्यात खंडाच्या थकबाकीसाठी त्याच्या पिकावर व गुराढोरांवर जप्ती आली. प्रकरण पंचांकडे गेले. मालकाची मागणी साडेसातशे पौंडांहून अधिक होती. सरपंचाने कुळाच्या उलट मागण्या वजा घालून सुमारे २३१ पौंडच देणे ठरविले. मालक स्वतःच कर्जबाजारी असल्यामुळे त्याचे धनकोही त्या रकमेवर हक्क सांगू लागले, तेव्हा वाद एडिंबरोच्या वरिष्ठ न्यायालयात गेला. १७८४ च्या जानेवारीच्या २७ तारखेस निकाल विल्यमच्या बाजूने लागला. त्यानंतर अवघ्या सतरा दिवसांनी, १३ फेब्रुवारीस, तो क्षयाने वारला.

आता कुटुंबाची आठवण पाहावी. १७८७ साली एका स्नेह्यास लिहिलेल्या पत्रात कवीने सांगितले आहे की, तीन वर्षे कोर्टकज्जांच्या भोवऱ्यात सापडलेल्या आपल्या बापाला तुरुंगातून वाचविले ते क्षयाने. त्या हकीकतीत विजयाचा उल्लेखही नाही. पुत्र खोटे बोलला असे नव्हे. घर बसले, पैसा संपला आणि बाप गेला. मुलाच्या मनावर उमटले ते एवढेच. पण न्यायालयाच्या दप्तराने दुसरी अर्धी गोष्ट राखून ठेवली : म्हातारा हरून मेला नाही, त्याचे म्हणणे न्यायाचे होते, असे ठरल्यावर त्याने डोळे मिटले.

गरिबाचे नाव दप्तरात सहसा तीनच प्रसंगी येते : तो जन्मतो तेव्हा, मरतो तेव्हा आणि संकटात सापडतो तेव्हा. म्हणून दप्तरापुढे बसणाऱ्याने जप्तीचा कागद पाहून पूर्वजाची लाज धरू नये. कदाचित् त्याच बस्त्यात चार कागद खाली निकालही असेल. घरची आठवण आणि दप्तर, या दोहोंची साक्ष घ्यावी. एकीत माणसाचे दुःख टिकते; दुसऱ्यात, दैव अनुकूल असेल तर, त्याची अब्रू.